अ‍ॅरिझोनातली दोन मिशन चर्च, निवडुंगाचा रस घातलेला चुना, आणि तिथे सिमेंट का चालत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही फिनिक्सहून वीकेंडला दोन स्पॅनिश मिशन (स्थानिक लोकांना ख्रिस्ती करायला पाद्र्यांनी वसवलेली ठाणी) बघून आलात. टूसॉनजवळचं सान हाविएर देल बाक आणि तिथून खाली मेक्सिकोच्या बॉर्डरकडे जाताना लागणारं टुमाकाकोरी. पहिलं पांढरंशुभ्र, आत भरगच्च रंगकाम, आजही प्रार्थना चालू. दुसऱ्याच्या भिंती झिजलेल्या, आतला गिलावा जागोजाग उडालेला, घंटेचा मनोरा अर्धवट. दोन्ही फ्रान्सिस्कन या कॅथलिक पंथाच्या पाद्र्यांनी बांधून घेतलेली आणि काळातही फार अंतर नाही. तर तुम्ही विचारलंत की एक टिकलं आणि एक पडलं ते फक्त एक भाजक्या विटेचं आणि एक मातीचं म्हणून का, ही चर्च एवढी लांबुळकी-अरुंद आणि भिंती एवढ्या जाड का, आणि सान हाविएरला बघितलंत तसा आजच्या जमान्यात निवडुंगाचा रस घालून चुना लावत बसण्यापेक्षा एकदाच चांगलं वॉटरप्रूफ सिमेंट मारून मोकळं का होत नाहीत.

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करते, माती आणि चुना हाच माझा विषय, आणि न्यू मेक्सिको-अ‍ॅरिझोनात मातीच्या चर्चवर काम केलंय, त्यामुळे जरा लांब उत्तर देते. हे तीन प्रश्न वेगळे वाटतात पण माझ्या मते एकच आहेत. इमारत बघायला गेल्यावर मी भिंत किती मजबूत आहे हे आधी विचारत नाही. पाणी कुठून आत येतंय, आलेलं पाणी कुठून बाहेर पडतंय, आणि ते बघायला दरवर्षी छतावर कोण चढतंय, हे विचारते. या तिन्हीची उत्तरं नीट असतील तर कच्च्या मातीची भिंत दोन-अडीचशे वर्षं सहज उभी राहते. नसतील तर भाजक्या विटेचीही राहत नाही.

आता, सगळं सगळीकडे सारखं लागू होत नाही हेही सांगते. पाऊस किती आणि कसा पडतो, रात्री पाणी गोठतं का, जमिनीत खार किती आहे, भूकंपाचा पट्टा आहे का, यावर उत्तर बदलतं. कॅलिफोर्नियातल्या मिशनबद्दल विचारलं असतंत तर मी आधी भूकंपाबद्दल बोलले असते, टेक्सासमधल्या सान अंतोनियोच्या दगडी मिशनबद्दल वेगळं. तुमची दोन्ही उदाहरणं सोनोराच्या वाळवंटातली आहेत, जिथे वर्षाचा बराच काळ ठणठणीत कोरडं असतं आणि जुलै ते सप्टेंबर तिथला मॉन्सून येतो (हो, ते लोकही मॉन्सूनच म्हणतात), तोसुद्धा तासाभरात रस्ते वाहायला लागतील असा. एरवी कोरडं आणि मग एकदम बदाबदा, हे मातीच्या भिंतीला नुसत्या रिपरिप पावसापेक्षा जास्त त्रासाचं.

आधी दोघांची हकीकत बघा. सान हाविएरची जागा 1692 मध्ये जेझुइट (दुसरा एक कॅथलिक पंथ) पाद्री किनो यांनी निवडली, पण आज दिसतं ते चर्च बऱ्याच नंतरचं, 1783 ते 1797 मधलं, फ्रान्सिस्कनांच्या काळातलं. पाद्री वेलदेर्राइन यांनी सोनोरातल्या एका जमीनदाराकडून 7000 पेसो कर्ज घेतलं, तारण काय तर मिशनच्या शेतातला पुढे येणारा गहू. मुख्य गवंडी इग्नासिओ गाओना, आणि अंगमेहनत जवळपास सगळी तिथल्या मूळच्या ओओधाम लोकांची. विटा तिथेच भाजल्या, चुना तिथेच भट्टीत काढला. लांब तुळयांसाठी लागणारे मोठे पाइन वृक्ष दूर डोंगरांवर, आसपास सगळं मेस्कीट आणि काटेरी झुडपं. मग छत कशाचं करणार? विटेचेच घुमट, बुटके, एकापुढे एक, आणि मध्यभागी एक उंच. लाकूड जवळजवळ नाही म्हणजे आगीची भीतीही कमी, आणि अपाचे हल्ल्यांच्या त्या काळात ती फार मोठी गोष्ट होती. पैसे मात्र संपलेच. पूर्वेचा मनोरा आजही अर्धवट आहे, तुम्ही फोटोत बघितला असेल. आणि आतलं संगमरवर, टाइल्स, दारं यातलं बरंच नुसतं रंगवलेलं आहे, कारण या गोष्टी तिथपर्यंत आणणं परवडणारं नव्हतं.

टुमाकाकोरीचं चर्च 1800 च्या सुमाराला सुरू झालं, सान हाविएरच्या तोडीचं करायचं असं पाद्री गुतिएर्रेस यांच्या मनात होतं. पण 1810 पासून मेक्सिकोचं (हा भाग तेव्हा त्यातच होता) स्पेनविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध, सरकारी पैसा बंद, काम वर्षानुवर्षं रखडलेलं. 1821 मध्ये मिशनची 4000 गुरं विकून पैसा उभा करायचं ठरलं तर घेणाऱ्याने पैसे देताना टाळाटाळ केली. प्लॅन छाटत छाटत आणला. पाया नदीच्या गोट्यांचा, भिंती कच्च्या विटांच्या, जिथे पाण्याचा मार जास्त तिथे तेवढी भाजकी वीट, वेदीच्या भागावर घुमट, आणि लोक उभे राहतात त्या लांब भागावर लाकडी तुळयांचं सपाट धाबं. 1828 च्या सुमाराला स्पेनमध्ये जन्मलेल्या पाद्र्यांना मेक्सिकोने बाहेर काढलं, आणि 1848 च्या डिसेंबरात हल्ले आणि थंडीने पार टेकीला आलेले उरलेसुरले लोक गाव सोडून गेले. जाताना मूर्ती बरोबर घेतल्या, आणि त्या कुठे नेल्या तर सान हाविएरला.

आता उत्तराचा पहिला भाग इथेच आहे. टुमाकाकोरीत आत उभं राहून दोन टोकांची तुलना करा. वेदीच्या भागावर घुमट शाबूत राहिला, तिथे भिंतीवर जुना गिलावा आणि रंगाच्या खुणा अजून दिसतात. लांब भागावरच्या तुळया लोकांनी काढून नेल्या, छत गेलं, आणि तिथल्याच भिंती सोलपटून निघाल्या. तीच माती, तेच गवंडी, तीच हवा, एकाच इमारतीचे दोन भाग आणि एवढा फरक! म्हणजे माती दोषी नाही. डोक्यावरचं छत गेलं, माणसं गेली, आणि मग पाण्याने आपलं काम केलं. 1908 मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झालं आणि 1920-21 च्या सुमाराला पुन्हा छत घातलं, म्हणून आज जे आहे ते तरी आहे.

आणि सान हाविएरला नेमकं उलट झालं. तिथेही 1830 च्या दशकापासून पुढे बरीच वर्षं मुक्कामाला पाद्री नव्हता. पण ओओधाम लोक तिथेच राहत होते, त्यांनी चर्च सांभाळलं, पूजेच्या वस्तू आपापल्या घरी जपून ठेवल्या. भाजकी वीट आणि घुमट याचा फायदा झालाच, तो मी नाकारत नाही, कच्ची वीट एवढी हयगय सहन करत नाही. पण केवळ विटेमुळे वाचलं असं म्हणणं त्या लोकांवर अन्याय आहे.

हेच कॅलिफोर्नियात मोठ्या प्रमाणावर दिसतं. 1769 ते 1823 मध्ये तिथे 21 मिशन झाली, बहुतेकांच्या भिंती कच्च्या विटेच्या. सुरुवातीला गवताची छपरं होती, 1776 मध्ये सान लुइस ओबिस्पोला जळत्या बाणांनी छप्पर पेटवलं गेलं, पुढे कौलं आली आणि बाहेर चांगला पागोळीचा वळचण-भाग निघाला, त्याने भिंती वाचल्या. 1830 च्या दशकात मेक्सिकोने मिशनच्या जमिनी-इमारती चर्चकडून काढून घेतल्या आणि लोकांनी काय केलं, तर कौलं उचलून नेली, विकली. सोलेदादसारख्या ठिकाणी मग मातीचे ढिगारे उरले.

आता अरुंदपणा आणि जाड भिंती. यासाठी न्यू मेक्सिकोची चर्च बघायला हवीत, कारण तिथे हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्यात माळवदाची घरं ज्यांनी बघितलीत त्यांना छत लगेच कळेल: भिंतीवरून भिंतीवर गोल तुळया, त्यावर आडव्या बारीक काठ्या, त्यावर गवत-पाला, त्यावर मातीचा जाड थर, आणि पाणी बाहेर फेकायला लाकडी पन्हाळी. तिथे तुळईला व्हिगा म्हणतात, काठ्यांना लातिया, पन्हाळीला कनाल. भिंतीवर तुळई टेकते तिथे खाली कोरीव लाकडी घोडा देतात, त्याने तुळईचा मोकळा भाग थोडा कमी होतो आणि भार भिंतीत एका ठिकाणी न घुसता पसरतो.

तर चर्चची रुंदी कोण ठरवतं? झाड. जेवढी लांब सरळ तुळई मिळेल तेवढीच रुंदी, म्हणून आतलं माप 30 फुटांच्या आत-बाहेर अडकतं. जास्त लोक बसवायचे तर लांबी वाढवा, दुसरा इलाज नाही. सगळ्यात थक्क करणारं उदाहरण अ‍ॅकोमाचं, सान एस्तेबान देल रेय, 1629 पासून पुढे साधारण दशकभरात बांधलेलं. गाव आहे सुमारे 365 फूट उंच सरळसोट खडकाच्या माथ्यावर. वर माती नाही, लाकूड नाही. भिंतींची माती खालून पाठीवर वाहून नेली, चर्चपुढच्या दफनभूमीत भरायची मातीसुद्धा खालून नेली, आणि 40 फुटी तुळया सुमारे 30 मैलांवरच्या माउंट टेलर डोंगरातून माणसांनी खांद्यावर आणल्या. वाटेत त्या जमिनीला टेकू दिल्या नाहीत असं तिथे सांगतात.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाणं मला जमत नाही. हे काम राजीखुशीचं होतं असं समजू नका. चर्च सुरू व्हायच्या तीस वर्षं आधी, 1599 च्या जानेवारीत, स्पॅनिश गव्हर्नर ओन्यातेच्या सैन्याने त्याच अ‍ॅकोमावर हल्ला करून शेकडो माणसं मारली होती आणि उरलेल्यांना गुलामीच्या शिक्षा दिल्या होत्या. कॅलिफोर्नियात बाप्तिस्मा झालेल्या लोकांना मिशन सोडून जायला परवानगी नसे, पळाले तर शिपाई पकडून आणत, आणि रोगराईने तिथे लोक भराभर मेले. 1680 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या पुएब्लो लोकांनी उठाव केला तेव्हा कित्येक चर्च पाडली गेली, पेकोसचं 1620 च्या दशकातलं प्रचंड चर्च त्यातलंच, आज तिथे दिसतं ते 1717 चं, आकाराने लहान. आपण मिशन आर्किटेक्चर म्हणून ज्याचं कौतुक करतो त्यातलं डिझाइन पाद्र्यांच्या आठवणीतलं असेल, पण माती ओळखणं, भिंत चढवणं, लिंपणं हे ज्ञान आणि हात स्थानिक लोकांचे. 1630 मध्ये फ्रान्सिस्कन पाद्री बेनाविदेस यांनी स्वतः लिहिलंय की या लोकांत भिंती बांधायचं काम बायका करतात आणि पुरुषाला ते करायला लावलं तर बाकीचे त्याला हसतात. स्पॅनिशांनी लाकडी साच्यात विटा पाडायची पद्धत आणली, त्याआधी तिथे ओल्या मातीचे थरावर थर चढवून भिंत करत.

कच्ची वीट पाडणं वाटतं तितकं सोपं नाही. माती निवडणं हेच खरं काम. मी साइटवर पहिल्यांदा काचेच्या बरणीत माती आणि पाणी घालून हलवते आणि ठेवून देते. वाळू लगेच खाली बसते, त्यावर गाळ, आणि चिकणमाती सगळ्यात शेवटी, कधी कधी दुसऱ्या दिवशी. थरांची जाडी बघितली की अंदाज येतो. चिकणमाती फार असेल तर वीट वाळताना तडकते, वाळू फार असेल तर कोपरे हातात येतात. मग पेंढा घालून तुडवायची, तळ नसलेल्या लाकडी साच्यात भरायची, साचा लगेच उचलायचा. दोन-तीन दिवसांनी वीट कडेवर उभी करायची, म्हणजे दोन्ही बाजूंनी वारा लागतो, नाहीतर वरून कडक आणि पोटात ओली राहते. न्यू मेक्सिकोत आजची नेहमीची वीट 10 बाय 14 बाय 4 इंच, वजन 14-15 किलो. मोर्टारही त्याच मातीचा, आणि हे मुद्दाम, कारण विटेपेक्षा सांधा कडक झाला की भिंत हलताना वीट फुटते.

ही भिंत दाबाला ठीक, पण ताण तिला अजिबात सोसत नाही, वाकवलं की गेली. म्हणून ती जाड करायची, खाली जास्त जाड आणि वर निमुळती, कोपऱ्यात आणि मागे धिरे द्यायचे. खिडक्या कमी आणि उंचावर. मग आत अंधार होतो, तर त्यावर न्यू मेक्सिकोत फार सुंदर तोडगा काढलाय: वेदीच्या भागाचं छत पुढच्या छतापेक्षा थोडं उंच करायचं आणि त्या पायरीत आडवी लांब खिडकी ठेवायची. लोक उभे असतात तिथून ती खिडकी दिसतच नाही, उजेड मात्र थेट वेदीवर पडतो. स्पेनमध्ये घुमटाच्या खिडक्यांनी जे होतं ते इथे सपाट धाब्यात, एका पायरीत साधलं. माझ्या दृष्टीने या सगळ्या परंपरेतली ही सगळ्यात हुशार गोष्ट आहे. गंमत म्हणजे गळतीही नेमकी तिथेच सुरू होते, दोन छतांच्या सांध्यात, त्यामुळे आम्ही तपासणीला गेलो की पहिली शिडी तिथे लागते.

इथवरचं थोडक्यात: रुंदी लाकडावर ठरली, जाडी मातीच्या कमकुवतपणावर, लाकूड नसेल तिथे विटेचे घुमट आले, आणि सगळं टिकणं-न टिकणं छत शाबूत आहे की नाही यावर गेलं. आता सिमेंट.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. ताओसजवळच्या रांचोस दे ताओसचं सान फ्रान्सिस्को चर्च घ्या, मागचे गोलसर धिरे फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांच्यामुळे जगभर माहीत झालेलं. काटेकोर बोलायचं तर ते मिशन नाही, तिथे वस्ती केलेल्या स्पॅनिश कुटुंबांचं चर्च आहे, पण बांधकाम अगदी त्याच पद्धतीचं. दरवर्षी मातीने लिंपायचा त्रास नको म्हणून 1967 मध्ये त्यावर कडक सिमेंट प्लास्टर केलं. दहा-बारा वर्षांत लक्षात आलं की प्लास्टरमागे पाणी साठून भिंती कुजतायत. 1979 मध्ये सगळं प्लास्टर उतरवलं, आतल्या खराब झालेल्या विटा बदलल्या आणि गाव पुन्हा मातीच्या लिंपणावर आलं. आजही दरवर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला गावातले लोक, पाहुणे सगळे मिळून लिंपतात.

कुजतात म्हणजे काय होतं ते सांगते. मातीची भिंत जमिनीतून आणि पावसातून थोडं पाणी घेतच असते, आणि ऊन-वारा लागला की पृष्ठभागातून सोडूनही देते. हे रोज चालू असतं. सिमेंटचा थर कडक आणि दाट. माती उष्णतेने आणि ओलीने थोडी फुगते-आकसते, सिमेंट तिच्याबरोबर हलत नाही, मग केसाएवढे तडे जातात. तड्यातून पाणी आत जातं, पण आख्ख्या भिंतीभर बाहेर पडायचा रस्ता बंद असतो. ते खाली उतरत उतरत जोत्याजवळ साठतं. बाहेरून भिंत कोरी करकरीत! म्हणून कोणी बघत नाही, हा सगळ्यात वाईट भाग. मातीचं लिंपण खराब झालं तर ते दिसतं, आणि ते खराब होण्यासाठीच लावलेलं असतं.

मी अशी एक भिंत उघडली होती, न्यू मेक्सिकोतल्याच एका छोट्या चर्चची. बोटांच्या पेरांनी वाजवत गेले तर छातीच्या उंचीला ठोस आवाज, कमरेखाली पोकळ. पोकळ जागी टीचभर चौकोन कापला. वर इंचभर सिमेंट, त्यात गंजलेली कोंबडीजाळी, जाळीमागे बोट जाईल एवढी फट, आणि त्यामागे विटेचा नुसता भुगा, पांढऱ्या खाराने भरलेला, म्हणजे लोणा लागलेला. आणखी वीतभर खाली उघडलं तर तिथे वीट उरलीच नव्हती, मळलेल्या कणकेसारखी माती, अंगठा दाबला की उमटतो. भिंतीचा सगळा भार त्या जागेवर येत होता. चर्चच्या सभोवती कोणीतरी स्वच्छतेसाठी काँक्रीटची फरशी केली होती, तिचा उतार भिंतीकडे, हे दुसरं कारण. आम्ही आधी फरशी फोडून उतार बाहेर काढला, मग खालची पट्टी थोडी थोडी करून सिमेंट काढलं, भिंत वाळायला वेळ दिला आणि मगच विटा बदलल्या. ओली भिंत एकदम उघडू नका, धिरे दिल्याशिवाय तर मुळीच नाही.

तुम्ही म्हणाल सान हाविएर तर भाजक्या विटेचं, तिथे काय अडचण. अडचण तीच. ती वीट कमी उष्णतेवर भाजलेली, मऊ, आणि मोर्टार चुन्याचा. विसाव्या शतकात तिथे बाहेरून सिमेंटचे थर चढले, पाणी आत अडकलं, आणि 1989 मध्ये वेदीजवळच्या पश्चिम भिंतीतून पाणी झिरपायला लागलं तेव्हा तातडीने काम काढावं लागलं. आतल्या रंगकामाला धोका होता, आणि ते रंगकाम गेलं असतं तर परत आणता आलं नसतं. पात्रोनातो सान हाविएर या संस्थेमार्फत ते सिमेंट उतरवून चुना-वाळूचा गिलावा सुरू झाला, निवडुंगाच्या रसासकट. तुम्ही बघितलंत ते त्याच कामाचं पुढचं पाऊल. हेही लक्षात घ्या की पोर्टलँड सिमेंटचं, म्हणजे आजच्या नेहमीच्या सिमेंटचं, पेटंटच 1824 चं आहे, सान हाविएर पुरं झाल्यानंतरचं. मूळ भिंत ज्या चुन्याने बांधली त्याच जातीचा थर तिला मानवतो, यात परंपरेचं प्रेम वगैरे नंतर, आधी साधं मटेरियलचं गणित आहे.

निवडुंगाचा रस हे थोतांड नाही. फड्या निवडुंगाची पानं चिरून पाण्यात भिजवतात किंवा उकळतात, चिकट बुळबुळीत पाणी निघतं ते गाळून चुन्यात घालतात. त्याने मिश्रण लोण्याच्या वळणाचं होतं, थापीखाली सरकतं, आणि मुख्य म्हणजे पाणी धरून ठेवतं, म्हणजे वाळवंटाच्या उन्हात गिलावा वरून झटकन सुकून तडकत नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड बनतो आणि त्या क्रियेला ओल लागते, ती ओल हा रस टिकवतो. पाण्याला थोडा विरोधही करतो, पण वाफ अडवत नाही. आपल्याकडे चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालायचे ते अशाच कारणांसाठी. पण रस घातला म्हणून वाईट चुना चांगला होत नाही. चुना नीट मुरलेला हवा, वाळू धुतलेली आणि टोकदार हवी, आणि थर पातळ, आधीचा थोडा घट्ट झाल्यावर दुसरा.

सिमेंटने फक्त ओलच अडते असं नाही. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या मिशनला 1925 च्या भूकंपात मोठी इजा झाली, मग दर्शनी भाग आणि मनोरे दुरुस्त करताना काँक्रीट वापरलं. पंचवीस वर्षांच्या आत त्या काँक्रीटमध्येच रासायनिक क्रिया होऊन ते फुटायला लागलं आणि 1950 ते 1953 मध्ये पुढचा भाग पुन्हा बांधावा लागला. नवं मटेरियल म्हणजे कायमचं काम, हा भरवसा तिथे महागात पडला.

आणि उलट चूकही होते, थर काढून टाकायची. गोव्याचं बॉम जीझस, पोर्तुगीज चर्च, 1605 मध्ये पुरं झालेलं, जांभा दगडाचं. त्याच्यावर चुन्याचा गिलावा होता, तो 1950 च्या दशकात दगड उघडा छान दिसतो म्हणून उतरवला. जांभा सच्छिद्र, आणि पाऊस गोव्याचा. आज लाखो लोक तो लालसर उघडा दगडच खरा समजतात आणि तो दरवर्षी झिजतोय. गिलावा ही सजावट नव्हती, ते त्या इमारतीचं कातडं होतं. माझं स्पष्ट मत आहे की तो परत लागायला हवा.

भूकंपाबद्दल फक्त एवढंच. घुमट-कमानी भिंतींना बाहेर ढकलतात, तो रेटा जाड भिंतीने पेलायचा असतो आणि जमीन हलली की हिशेब बदलतो. कॅलिफोर्नियातल्याच सान हुआन कापिस्त्रानोचं मोठं दगडी चर्च 1797 ला सुरू झालं, मुख्य गवंडी इसिद्रो आगिलार 1803 मध्ये वारला, बाकीच्यांनी 1806 ला पुरं केलं, आणि 8 डिसेंबर 1812 ला सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी भूकंपात कोसळलं, सुमारे 40 माणसं गेली, जवळपास सगळे स्थानिक आदिवासी. त्यामानाने बुटक्या, जाड, हलक्या छताच्या मातीच्या भिंती तडकल्या तरी बऱ्याचदा उभ्या राहतात. आता त्यांना वरून पट्टे बांधून, आत बारीक सळ्या घालून, छताशी जोडून घेतात आणि ते बाहेरून दिसतही नाही. तिथे मी आधुनिक मटेरियलला अजिबात नाही म्हणत नाही. जिथे ताण येतो तिथे स्टील, नायलॉन खुशाल वापरा, फक्त ओलीच्या रस्त्यात आडवं घालू नका.

राहिला खर्चाचा मुद्दा, की हे दर काही वर्षांनी करत बसणं महाग नाही का. मातीचं लिंपण दरवर्षी किंवा एकाआड वर्षी, चुन्याचा गिलावा नीट केला तर कितीतरी जास्त, मध्ये फक्त चुन्याचे हात. यात माल स्वस्त, माणसांचा वेळ जास्त. सिमेंटचं बिल एकदाच येतं असं वाटतं, पण ते उतरवणं, विटा बदलणं, आतलं रंगकाम वाचवणं हे बिल वीस वर्षांनी येतं आणि ते कित्येक पट असतं. जिथे गाव नाही, हात नाहीत, तिथे मी सरळ सांगते की आधी छत आणि पाण्याचा निचरा यावर पैसे घाला, भिंतीच्या दिसण्यावर नंतर. निम्मं दुखणं तिथेच थांबतं.

पुढच्या वेळी टुमाकाकोरीला गेलात तर भिंतीचा तळ बघा, वितीभर उंचीत माती आत खाल्लेली दिसते का, पांढरी पावडर दिसते का. भिंतीला हात मात्र लावू नका. सान हाविएरला पावसाळ्यात गेलात तर पाणी छतावरून कुठे पडतंय ते बघा. आणि रांचोस दे ताओसला लिंपणाच्या दिवसांत जमलं तर जाच, बाहेरच्या माणसालाही घेतात, माती कशी कालवायची ते तिथल्या म्हाताऱ्या बायका दाखवतात. फोटो काढलेत तर इथे टाका, विशेषतः तळाचे आणि पन्हाळींखालचे, बघून सांगते.